जुनी इटालियन डिझायनर भांडी: पारख, खरेदी, वापर आणि निगा

जुन्या इटालियन भांड्यांच्या बाजारात वस्तू नंतर दिसते, नाव आधी ऐकू येते. जो पोन्ती, पिएरो फोर्नासेत्ती, एत्तोरे सोत्सास, अकिल्ले कास्तिल्योनी ही डिझायनरांची नावे विक्रेत्यांच्या तोंडी इतकी बसली आहेत की एखाद्या बंद पडलेल्या हॉटेलातून निघालेला साधा मुलाम्याचा चमचाही पोन्तीच्या नावावर खपवला जातो. नाव ऐकून पैसे मोजणाऱ्याचा संग्रह वाढतो, पण त्याच्या टेबलावर जेवण वाढता येईलच असे नाही. म्हणून भांड्याचा तळ काय सांगतो, त्याची झीज कशी आहे आणि आपल्या टेबलावर त्याचे नेमके काम काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच खरेदीचा विचार करावा, असे माझे मत आहे. पुढील विवेचन 1923 ते साधारण 1990 या काळातील भांड्यांपुरते आहे. त्याआधीची माजोलिका (पांढऱ्या झिलईवर रंगवलेली इटालियन मातीची भांडी) आणि अठराव्या शतकातील पोर्सलीन यांची पारख हे वेगळे शास्त्र आहे आणि त्यांची किंमतही वेगळ्या हिशेबाने ठरते.

सुरुवात टेबलापासून करावी

पहिली पायरी खरेदीची नसून मोजणीची आहे. आपल्या टेबलाशी एका वेळी किती माणसे बसतात, कोणते पदार्थ वाढले जातात आणि भांडी कोण घासते, हे आधी लिहून काढावे. सहा माणसांचे टेबल असेल तर प्रत्येक आकाराच्या आठ बश्या घ्याव्यात. जुन्या नमुन्यातील फुटलेली बशी नेमकी हवी तेव्हा मिळत नाही आणि मिळाली तर सुट्या नगाचा भाव सोसत नाही.

इटालियन संच तिथल्या जेवणाच्या क्रमानुसार बनतो. पास्ता, रिसोत्तो किंवा सूप यांसाठी खोलगट बशी, त्यानंतरच्या मांस-मासळीसाठी सपाट मोठी बशी आणि शेवटी फळांसाठी लहान बशी असा तो क्रम असतो. जुने संच बहुधा बारा माणसांचे असत आणि त्यांतील खोलगट बश्या रोजच्या वापरात सर्वांत आधी फुटत. त्यामुळे विक्रीला आलेल्या संचात त्यांची संख्या कमी असते. मराठी घरात हीच खोलगट बशी सर्वांत उपयोगी पडते, कारण आमटी-भात किंवा पिठले-भात सपाट बशीत नीट कालवता येत नाही. संच पाहताना एकूण नग किती यापेक्षा खोलगट बश्या किती, हे पहिल्यांदा विचारावे. आकारही मोजून घ्यावा. 1950 च्या दशकातील जेवणाची बशी आजच्या 27-28 सेंटीमीटरच्या बशीपेक्षा बहुधा लहान असते आणि छायाचित्रात हा फरक कळत नाही.

याच टप्प्यावर हव्या असलेल्या वस्तूंचे तीन गट पाडावेत. काही भांडी नेहमी वापरायची, काही सणासुदीला काढायची आणि काही फक्त भिंतीवर किंवा कपाटात ठेवायची. तिसऱ्या गटातील वस्तू पहिल्या गटाच्या खिशातून घेऊ नये.

कोणाची भांडी कशासाठी

चिनी मातीच्या बाबतीत पहिले नाव रिचर्ड-जिनोरीचे. मार्केझे कार्लो जिनोरी यांनी 1735 मध्ये फ्लोरेन्सजवळच्या दोच्चा येथे कारखाना काढला आणि 1896 मध्ये तो मिलानच्या रिचर्ड कंपनीशी एकत्र आला. 1923 मध्ये तरुण वास्तुविशारद जो पोन्ती तिथे कलासंचालक झाले, 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि 1930 पर्यंत त्यांनी या कारखान्याचा चेहरामोहरा बदलून टाकला. त्या काळातील त्यांच्या फुलदाण्या आणि मोठ्या थाळ्या आज संग्रहालयांत आणि मोठ्या लिलावांत दिसतात. जेवणाच्या टेबलासाठी त्यांचा पाठलाग करण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याऐवजी पोन्तींनंतर तिथे आलेल्या जोव्हान्नी गारीबोल्दी यांच्याकडे पाहावे. एकावर एक नेमक्या बसणाऱ्या त्यांच्या ‘कोलोन्ना’ संचाला 1954 मध्ये, म्हणजे ‘कोम्पास्सो दोरो’ हा इटालियन डिझाइनचा सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, तो पुरस्कार मिळाला. लहान स्वयंपाकघराची अडचण ओळखून केलेले हे काम आजच्या मुंबईतील फ्लॅटलाही लागू पडते. लागो माज्जोरे सरोवराकाठच्या लाव्हेनो येथील कारखान्याचेही तसेच आहे. 1923 पासून ग्वीदो आंदलोव्हित्स आणि युद्धानंतर आंतोनिया काम्पी यांनी तिथे केलेली भांडी दर्जाने कुठेही कमी नाहीत, पण इटलीबाहेर ही नावे कमी ऐकू येतात आणि म्हणून भावही अजून आवाक्यात असतो.

पिएरो फोर्नासेत्ती (1913-1988) यांची गोष्ट निराळी. लीना काव्हालिएरी या गायिकेचा चेहरा घेऊन त्यांनी ‘तेमा ए व्हारियात्सियोनी’ (एक विषय, अनेक रूपे) या मालिकेत साडेतीनशेहून अधिक काळ्या-पांढऱ्या बश्या केल्या. ‘आदामो’ आणि ‘एव्हा’ (अ‍ॅडम आणि ईव्ह) या मालिकांत बारा-बारा बश्या शेजारी मांडल्या की पूर्ण मानवी आकृती उभी राहते. या बश्या भिंतीसाठीच आहेत. त्यांवर जेवण वाढणे हौसेचे वाटले तरी सुरीचा एक ओरखडा छपाई उतरवतो आणि किंमतही.

धातूची भांडी मात्र मनसोक्त वापरावीत. लागो दोर्ता सरोवराकाठच्या ओमेन्या येथे 1921 मध्ये जोव्हान्नी आलेस्सी यांनी सुरू केलेल्या कारखान्यातून 1945 मध्ये त्यांचे चिरंजीव कार्लो यांचा ‘बोम्बे’ हा चहा-कॉफीचा संच आला, 1978 मध्ये सोत्सास यांचा तेल-व्हिनेगर-मीठ-मिऱ्यांचा 5070 हा संच आला आणि 1982 मध्ये कास्तिल्योनी यांचे ‘ड्राय’ काटे-चमचे आले. ‘ड्राय’ची मूठ मंद खरखरीत आणि तोंडाकडचा भाग चकचकीत असतो. हाताला पकड मिळते आणि ओठांना गुळगुळीतपणा, इतका साधा विचार त्यामागे आहे. कास्तिल्योनी यांच्याच तेल-व्हिनेगरच्या झाऱ्यांना झाकणामागे वजन दिलेले असते. झारी कलती केली की झाकण आपोआप उघडते, सरळ केली की मिटते. ती विकत घेताना हे झाकण अडकत नाही ना, हे दहा वेळा कलवून पाहावे. सोत्सास यांच्या ‘नुओव्हो मिलानो’ काटे-चमच्यांना (1987) 1989 चा कोम्पास्सो दोरो मिळाला. मूठ जाडसर, कडा गोलाकार आणि हातात घेतल्यावर समतोल असे ते काटे-चमचे रोज वापरावेत इतके उत्तम आहेत.

व्हेर्चेल्ली येथे 1856 मध्ये सुरू झालेल्या साम्बोनेत घराण्यातील रोबेर्तो साम्बोनेत यांचा ‘सेंटर लाइन’ हा स्टीलचा संच 1964 चा. एकात एक बसणारी ही गोल भांडी शिजवायला आणि थेट टेबलावर आणायला दोन्हींसाठी बनवलेली आहेत. साम्बोनेतने 1956 मध्ये विकत घेतलेल्या मिलानच्या क्रुप कंपनीसाठी पोन्तींनी खरोखरच काटे-चमचे रेखाटले होते. पण क्रुपची छाप असलेला प्रत्येक हॉटेली चहादाणीचा नग पोन्तींचा असे मानणे म्हणजे नुसती भाविकता. नमुन्याचे जुने माहितीपत्रक किंवा संग्रहालयातील जोडीदार दाखवल्याशिवाय पोन्तींच्या नावाचा जादा पैसा देऊ नये.

काचेसाठी मुरानो बेट प्रसिद्ध आहे. व्हेनिसमधील भट्ट्या 1291 मध्ये तिथे हलवल्या गेल्या, पण टेबलासाठी पाहायचे ते विसाव्या शतकातील काम. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नाझोन मोरेत्तीच्या वाडग्यांना 1955 चा कोम्पास्सो दोरो मिळाला. आतून दुधी पांढरे आणि बाहेरून रंगीत असे हे वाडगे कोशिंबीर, फळे किंवा श्रीखंड वाढायला सुरेख दिसतात. तोस्कानातील कोल्ले दी व्हाल देल्सा येथील आर्नोल्फो दी काम्बियो कंपनीसाठी जो कोलोम्बो यांनी 1964 मध्ये केलेल्या ‘स्मोक’ पेल्याची दांडी मध्यभागी नसून एका बाजूला आहे. अंगठ्याने पेला धरून त्याच हाताच्या दोन बोटांत सिगारेट पकडता यावी, हा त्यामागचा हेतू. आज सिगारेटचा भाग बाजूला ठेवला तरी तो पेला हातात घेऊन पाहण्याजोगा आहे.

शेवटी प्लास्टिक. लेल्ला आणि मास्सिमो व्हिन्येल्ली यांच्या एकावर एक रचता येणाऱ्या मेलामाइन संचाला 1964 मध्ये कोम्पास्सो दोरो मिळाला आणि पुढे अमेरिकेत हेलर कंपनीने तो बनवला. संग्रहाची सुरुवात कमी पैशांत करायची असेल तर याच्याइतका प्रामाणिक नमुना नाही.

भांडे उलटे करून वाचावे

वस्तू हातात आली की पुढची बाजू पाहण्याआधी ती उलटी करावी आणि खिडकीच्या उजेडात तळ वाचावा. तळावरच्या छापेत सहसा कारखाना, गाव आणि कधी नमुना किंवा रेखाटनकार यांची नावे असतात. इथे काही सापळे ठरलेले आहेत.

जिनोरीच्या छापेतील ‘1735’ हे स्थापनेचे वर्ष आहे, भांड्याचे नव्हे. ही कंपनी 2013 मध्ये गुच्चीने घेतली आणि 2020 पासून ती ‘जिनोरी 1735’ या नावाने व्यवहार करते. त्यामुळे तळावर 1735 हा आकडा ठळक दिसला की भांडे जुने असण्यापेक्षा अलीकडचे असण्याची शक्यता जास्त. फोर्नासेत्तीच्या ‘तेमा ए व्हारियात्सियोनी’ बशीमागे असलेला क्रमांक हा चित्राचा क्रमांक असतो, मर्यादित आवृत्तीतील नगाचा नव्हे. ‘33 क्रमांकाची दुर्मीळ बशी’ असे कोणी म्हणाले तर ते चित्र किती दशके छापले गेले, हे त्याला विचारावे. याउलट 1968 पासून दरवर्षी निघणाऱ्या त्यांच्या दिनदर्शिकेच्या बश्यांवर वर्ष छापलेलेच असते, म्हणून नवख्या संग्राहकाला त्या सोप्या जातात.

आलेस्सीच्या छापेवरून काळ बऱ्यापैकी लावता येतो. सुरुवातीच्या काळात ‘एफएओ’, म्हणजे फ्रातेल्ली आलेस्सी ओमेन्या, ही अक्षरे आढळतात. 1947 पासून 1967 पर्यंत ‘आल्फ्रा’, त्यानंतर काही वर्षे ‘चेझेल्लेरिया आलेस्सी’ आणि 1970 च्या दशकापासून नुसते ‘आलेस्सी’. हे महत्त्वाचे अशासाठी की 5070 किंवा ‘बोम्बे’ यांसारखे नमुने दीर्घकाळ बनत राहिले. रेखाटन 1945 चे असले तरी हातातील नग 2005 चा असू शकतो. तो वाईट असतो असे मुळीच नाही, फक्त त्याला जुन्या नगाचा भाव देऊ नये.

चांदी असेल तर आकडे पाहावेत. इटलीत घरगुती चांदी बहुधा 800 शुद्धतेची असते, 925 ची तुलनेने कमी. 1968 च्या कायद्यानंतर लंबगोलात शुद्धतेचा आकडा आणि दुसऱ्या चौकटीत तारा, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रांताची दोन अक्षरे असतात. मिलानसाठी एमआय, आलेस्सांद्रियासाठी एएल. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून 1944 पर्यंतच्या चांदीवर याच जागी फाशिस्ट राजवटीची काठ्यांची मोळी दिसते. ‘आल्पाक्का’ असे लिहिलेले असेल तर त्या मूळ धातूत चांदी नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू असतो आणि असलाच तर वर चांदीचा मुलामा.

छाप खोटी करता येते, झीज खोटी करणे अवघड. बशीच्या तळाशी जी बिनझिलईची गोल कड असते, तिच्यावर पन्नास वर्षांत असंख्य बारीक ओरखडे वेगवेगळ्या दिशांनी पडतात आणि कडेच्या बाहेरच्या काठावर ते जास्त असतात, कारण बशी सरकवताना वजन तिथे येते. वाळूच्या कागदावर घासून जुनी केलेली कड भिंगाखाली पाहिली तर ओरखडे एकाच दिशेने, समान खोलीचे आणि कडेच्या सबंध रुंदीवर सारखे दिसतात. त्या कडेत अडकलेली धूळ ओले बोट एकदा फिरवताच निघून आली तर ती धूळही कालचीच समजावी.

दोष शोधण्याची पद्धत

बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने काठावर हलकेच टिचकी मारावी. अखंड पोर्सलीन स्वच्छ घुमते, तडा गेलेले बद्द आवाज देते. आवाज शंकास्पद वाटला तर मोबाइलचा दिवा मागून धरावा. पातळ पोर्सलीनमधून उजेड झिरपतो आणि केसासारखी चीर काळी रेघ होऊन दिसते. जाड मातकट भांड्यातून उजेड जात नाही, तिथे बोटावरच भरवसा. अतिनील प्रकाशाची लहान बॅटरी जवळ असावी. जुन्या दुरुस्तीतील राळ आणि नवा रंग त्या प्रकाशात सभोवतालच्या झिलईपेक्षा वेगळे चमकतात.

काठ डोळ्यांनी न पाहता बोट फिरवून तपासावा. टवका उडालेल्या जागी घासून काठ गुळगुळीत केलेला असतो आणि मग तिथे बशीचा घेर किंचित आत गेलेला लागतो. काचेच्या पेल्यांच्या बाबतीत तर हे हमखास आढळते, म्हणून सहा पेले शेजारी उभे करून त्यांची उंची नजरेच्या रेषेत पाहावी. एखादा पेला मिलिमीटरभर बुटका असेल तर त्याचा काठ कापून घासलेला आहे.

बशीवरच्या राखाडी रेघांना घाबरू नये. काट्या-सुऱ्यांचा धातू झिलईवर घासून राहिलेला असतो आणि चिनी मातीसाठीच्या सौम्य पेस्टने तो निघतो. नखाला लागणारा ओरखडा मात्र कायमचा. झिलईत जाळीसारख्या बारीक भेगा असतील आणि त्या तपकिरी झाल्या असतील, तर तेलकटपणा आत मुरलेला आहे. अशी बशी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून वास घ्यावा. जुन्या तेलाचा वास आला तर ती फक्त मांडणीसाठी. हळदीच्या घरात जाळी पडलेली पांढरी बशी घेणे हा शुद्ध तोटा आहे, कारण पहिल्याच आमटीनंतर ती जाळी पिवळी होऊन उठून दिसते.

मुलाम्याच्या भांड्यात चमच्याची पाठ आणि काट्याची टोके पाहावीत. तिथे पिवळसर किंवा लालसर धातू डोकावत असेल तर मुलामा झिजला आहे. पुन्हा मुलामा चढवता येतो, परंतु चांगल्या कारागिराचा खर्च अनेकदा नगाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. चांदीच्या सुरीची पोकळ मूठ कानाशी हलवून पाहावी. आतली लाख किंवा राळ सुटली असेल तर पाते डुगडुगते.

कुठे घ्यावे आणि वर्णन कसे वाचावे

डोळा तयार करण्यासाठी आधी खरी वस्तू पाहावी. मिलानमध्ये 2021 पासून सुरू असलेल्या एडीआय (इटलीची औद्योगिक डिझाइन संघटना) डिझाइन संग्रहालयात कोम्पास्सो दोरो विजेत्या वस्तू आहेत. लाव्हेनोजवळच्या चेर्रो गावात सिरॅमिक डिझाइनचे स्वतंत्र संग्रहालय आहे. खरेदीसाठी आरेत्सो येथील जुन्या वस्तूंचा बाजार 1968 पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याआधीच्या शनिवारी भरतो. मिलानमध्ये नाव्हील्यो ग्रांदे कालव्याकाठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी आणि पार्मा येथे वर्षातून दोनदा मोठी जत्राच भरते. तिकडे नोकरी-शिक्षणानिमित्त असलेल्या नातलगाला पाठवायचे असेल तर त्याच्याकडे नमुन्याचे चित्र, आवश्यक आकार आणि कमाल भाव एवढे तीनच मुद्दे द्यावेत. जास्त सूचना दिल्या की तो काहीच आणत नाही.

ऑनलाइन वर्णनातील शब्द नीट वाचावेत. ‘पोन्तींचे’, ‘पोन्तींचे असावे’, ‘पोन्तींच्या धाटणीचे’ आणि ‘पोन्ती काळातील’ या चार वर्णनांत आकाश-पाताळाचे अंतर आहे. पहिल्यात विक्रेता जबाबदारी घेतो, दुसऱ्यात अंदाज सांगतो, आणि शेवटच्या दोन वर्णनांत त्याने आपल्याला काहीही सांगितलेले नसते. प्रतिष्ठित लिलावगृहे हा फरक कसोशीने पाळतात. तिथे अडचण निराळी असते. हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचे शुल्क साधारण 25 टक्के किंवा त्याहून अधिक लागते, त्यावर कर आणि पाठवणी. बोली लावण्याआधी हे सर्व मिळवून कागदावर आकडा मांडावा आणि तो ओलांडू नये. तळाचे स्पष्ट छायाचित्र नसलेल्या नगावर बोली लावूच नये, मग तो कितीही स्वस्त असो.

इटलीतून आणताना

2017 च्या सुधारित कायद्यानुसार हयात नसलेल्या निर्मात्याची 70 वर्षांहून जुनी वस्तू इटलीबाहेर नेताना सांस्कृतिक वारसा खात्याच्या नियमांत येते. तिची किंमत 13,500 युरोंपेक्षा कमी असेल तर मालकाचे प्रतिज्ञापन पुरते, जास्त असेल तर परवाना लागतो. 1970 च्या स्टीलच्या झारीला याची गरज नाही, पण 1920 च्या दशकातील पोन्तींच्या थाळीला आहे. हे काम विक्रेत्याने करून द्यायचे, असे पैसे देण्याआधी लेखी ठरवावे. भारतात येताना सीमाशुल्क लागते. बिलावर वस्तू, साहित्य, निर्मितीचे अंदाजे वर्ष आणि खरी किंमत असावी आणि शुल्काचा अंदाज कुरिअरकडून आधीच घ्यावा. खरी किंमत लपवण्यासाठी ‘भेटवस्तू’ असे लिहिण्याचा सल्ला विक्रेते आनंदाने देतात. माल अडकला तर त्रास त्यांना होत नाही आणि फुटला तर विम्याची भरपाईही त्या खोट्या किमतीइतकीच मिळते.

बश्या आडव्या रचून कधीही पाठवू देऊ नये. प्रत्येक बशी वेगळी गुंडाळून काठावर उभी ठेवावी आणि आतले खोके बाहेरच्या खोक्यात चारही बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर भरणी देऊन बसवावे.

त्यावर जेवावे की नाही

सुंदर दिसते म्हणून त्यातून खाण्यास योग्य आहे असे होत नाही. चिनी मातीच्या भांड्यांतून अन्नात उतरणाऱ्या शिसे आणि कॅडमियम यांवर युरोपात 1984 च्या निर्देशाने समान मर्यादा आल्या. खोलगट भांड्यांसाठी शिशाची 4 मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि कॅडमियमची 0.3 मिलिग्रॅम. त्याआधीचे प्रत्येक भांडे दोषी आहे असे नाही, पण ते या कसोटीतून गेलेले असेलच असेही नाही. बशी तिरकी धरून नक्षीवर उजेड पाडावा. नक्षी झिलईच्या खाली असेल तर चकाकी सलग दिसते. नक्षी झिलईवर असेल तर रंगाचा थर बोटाला जाणवतो किंवा चकाकी तिथे मोडते. दुसऱ्या प्रकारच्या बशीत, विशेषतः लाल, केशरी आणि पिवळा रंग असल्यास, टोमॅटोचे सार, चिंचेची आमटी किंवा सोलकढी असे आंबट पदार्थ वाढू नयेत. माजोलिका आणि सोनेरी नक्षीच्या फोर्नासेत्ती बश्या यांचा तर प्रश्नच नाही.

बाजारात मिळणाऱ्या घरगुती चाचणीच्या काड्यांवर निर्णय सोपवू नये. त्यांनी काही दाखवले नाही म्हणजे भांडे सुरक्षित असे ठरत नाही. भांडे नेहमी वापरायचे असेल तर प्रयोगशाळेची गळती-चाचणी करून घ्यावी. त्या चाचणीत भांड्यात 4 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल 22 अंश तापमानाला 24 तास ठेवून उतरलेले शिसे मोजतात. संचातील एक टवका उडालेली बशी यासाठी राखून ठेवावी. जुन्या क्रिस्टलच्या पेल्यातून जेवताना पिण्यास हरकत नाही, परंतु शिसेयुक्त क्रिस्टलच्या सुरईत सरबत किंवा वाइन दिवसेंदिवस साठवू नये. मेलामाइनच्या ताटांत 70 अंशांहून गरम पदार्थ वाढू नये आणि ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत. उकळती आमटी थेट पातेल्यातून त्यात ओतायची नाही, एवढे पथ्य पाळले की ती अनेक वर्षे टिकतात. हळदीचे डाग मात्र त्यांनाही चिकटतात, म्हणून जेवण झाल्यावर लगेच विसळावे.

मांडणी आणि निगा

मांडणीत सर्व काही एकाच कारखान्याचे असावे, हा हट्ट सोडावा. एक गोष्ट ठळक असू द्यावी, बाकी शांत. नाझोन मोरेत्तीचे रंगीत वाडगे असतील तर बश्या साध्या पांढऱ्या आणि काटे-चमचे स्टीलचे. नक्षीदार बश्या असतील तर काच बिनरंगी. टेबलक्लॉथ अनेकदा लागतच नाही.

सोनेरी काठाची भांडी डिशवॉशरमध्ये घालू नयेत आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. ती कोमट पाण्यात, मऊ स्पंजाने, एका वेळी एक अशी धुवावीत आणि सिंकच्या तळाशी जाड टॉवेल अंथरावा. लाकडी किंवा बेकलाइटच्या मुठीचे, पोकळ मुठीच्या सुऱ्यांचे आणि सांधे चिकटवलेल्या भांड्यांचेही असेच. गरम पाण्यात मुठीतली राळ सुटते. चांदीत मीठ रात्रभर राहू देऊ नये, त्याने पृष्ठभागावर खड्डे पडतात. अंडे, कांदा आणि लसूण यांतील गंधकाने ती काळवंडते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत पावसाळाभर उघडी ठेवली तर काहीही न वाढताच काळवंडते. चांदी आणि मुलाम्याची भांडी सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवावीत. रबरबँड लावू नये, रबरातही गंधक असते.

बश्या रचताना प्रत्येक दोहोंमध्ये फेल्ट किंवा जाड कागदाचा गोल ठेवावा आणि एका थरात आठपेक्षा जास्त रचू नयेत. पेले काठावर उपडे ठेवू नयेत, कारण काठ हाच त्यांचा सर्वांत नाजूक भाग असतो. प्रत्येक नमुन्यासाठी एक वही ठेवावी. तीत तळाच्या छापेचे छायाचित्र, मोजमाप, बिल, विक्रेत्याने दिलेले लेखी वर्णन आणि आढळलेले दोष यांची नोंद असावी. पुढे एखादी बशी फुटली तर बदली नग शोधताना नमुन्याचे नाव आणि व्यासाचा नेमका आकडा लागतो, आणि विकायची वेळ आली तर लिलावगृहे हीच कागदपत्रे आधी मागतात.